पावती केव्हा द्यावी?

मी मास्तरकी सुरू केली त्या गावी शाळेच्या दोन इमारती होत्या. एक नदीच्या अलीकडे, दुसरी पलीकडे. फीची वही दोन्हीकडे असे. रोज संध्याकाळी शिपाई पूल ओलांडून जाई आणि दोन्ही वह्या जुळवून आणी. एका पावसाळ्यात पूल तीन दिवस पाण्याखाली गेला. पलीकडचे मास्तर थांबले नाहीत, अलीकडे मीही थांबलो नाही. पाणी ओसरल्यावर वह्या समोरासमोर ठेवल्या, तो एकाच पावती क्रमांकावर दोन मुलांची नावे! त्यांतल्या एका मुलीची आई पावती घेऊन आली, तेव्हा माझ्या वहीत त्या क्रमांकावर दुसरेच नाव पाहून मी त्या बाईला खोटे ठरविले आणि परत पाठविले. चूक ध्यानात आली ती चार दिवसांनी.

पुढे संगणकांचा इतिहास वाचू लागलो, आणि माझी ती जुनी चूक मला तिथेही भेटली. आज आपले पैसे, तिकिटे, पत्रे ज्या यंत्रांत राहतात, ती एका खोलीत नसतात. एक इमारत जळाली तरी काम अडू नये म्हणून तोच हिशेब दूरच्या दुसऱ्या इमारतीतही ठेवतात. मग या दोन वह्यांमधला पूल कसा असावा?

या कथेचा आरंभ फार दूरच्या पुलाने झाला नाही. 1983 साली अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनने ‘व्हॅक्सक्लस्टर’ नावाची रचना जाहीर केली. अनेक संगणक एकाच कुटुंबासारखे नांदावेत, एक आजारी पडला तर दुसऱ्याने त्याचे काम उचलावे, अशी ती योजना. पण हे कुटुंब एकाच वाड्यात राहणारे! मधल्या जोडपेटीपासून कोणतेही यंत्र 45 मीटरपेक्षा दूर ठेवता येत नसे. तारेचे मार्ग मात्र दोन होते. एक तुटला तरी दुसरा चालू राही.

आणि दोन्ही तुटले तर? या रचनेतली खरी शहाणपणाची गोष्ट ती हीच. पलीकडून उत्तर येत नाही, याचे दोन अर्थ होतात: पलीकडचा मेला, किंवा नुसता पूल बुडाला. अलीकडे बसलेल्याला यांतला खरा अर्थ कधीच कळत नाही. प्रत्येक गट जर ‘आता मीच मालक’ म्हणू लागला, तर एका म्यानात दोन तलवारी! म्हणून प्रत्येक यंत्राला मत दिले. ज्या गटाकडे निम्म्याहून अधिक मते, त्याने काम करावे. उरलेल्याने हात बांधून स्वस्थ बसावे. दोनच यंत्रे असतील तर बरोबरी होते, म्हणून तिसरे मत एका सामायिक डिस्कला दिले. आजही दोन शहरांत यंत्रे मांडणारे जाणते लोक मतासाठी तिसरी जागा शोधतात, ती याच कारणाने.

पुढे काचतंतू आले आणि 45 मीटरची मर्यादा कित्येक किलोमीटरांवर गेली. त्याचे मोल 11 सप्टेंबर 2001 रोजी कळले. न्यूयॉर्कमध्ये कोसळलेल्या मनोऱ्यांपासून शंभरेक मीटरवर कॉमर्झबँकेचे कार्यालय होते. तिथल्या संगणकखोलीत उष्णता असह्य झाली आणि डिस्क बंद पडल्या. पण प्रत्येक नोंद सुमारे 48 किलोमीटर दूर असलेल्या राय या गावीही त्याच वेळी लिहिली जात होती. त्या दूरच्या डिस्कवर मुख्य यंत्र चालत राहिले.

मग 48 ऐवजी 4,000 किलोमीटर अंतर ठेवले तर अधिक सुरक्षित नाही का? इथे निसर्ग आडवा येतो. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर धावतो. 48 किलोमीटर जाऊन परत यायला त्याला अर्धा मिलिसेकंद पुरतो. 4,000 किलोमीटरांना 40 लागतात. पैसे टाकून तार रुंद करता येते. अंतर काही कमी करता येत नाही. एकेका कामात शेकडो नोंदी असल्या, तर 40 मिलिसेकंदांची ती वाट पाहता पाहता काम रखडते. म्हणून दूरच्या दोन केंद्रांत पुष्कळदा आधी गिऱ्हाइकाला पावती देतात आणि नोंद मागाहून पलीकडे धाडतात.

या ‘मागाहून’ची किंमत 2018 सालच्या 21 ऑक्टोबरला गिटहबने मोजली. जगभरचे संगणक-कारागीर आपले काम या संस्थेकडे ठेवतात. दुरुस्तीच्या कामात अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचा तिचा दुवा तुटला; तुटला तो अवघ्या 43 सेकंदांसाठी! मतदान नियमाप्रमाणे झाले आणि कारभार पश्चिम किनाऱ्याकडे गेला. पण शेवटच्या काही सेकंदांत पूर्वेकडे झालेल्या नोंदी पश्चिमेस पोहोचल्याच नव्हत्या, आणि पश्चिमेकडे नव्या नोंदी सुरू झाल्या होत्या. दोन वह्या, दोन सत्ये! बहुमताने मालक ठरतो. न पोहोचलेली नोंद काही पोहोचत नाही.

गिटहबपुढे दोन वाटा होत्या: त्या थोड्या नोंदी सोडून लवकर दुकान उघडावे, की लोकांची बोलणी खात वह्या जुळवाव्यात? त्यांनी दुसरी वाट धरली. सारे सुरळीत व्हायला 24 तास 11 मिनिटे लागली. गलथानपणाची ही गोष्ट म्हणून पुष्कळ जण ती सांगतात. मला मात्र तिच्यात प्रामाणिकपणा अधिक दिसतो.

दोन वेगळे मार्ग, आवाक्यातले अंतर आणि तिसऱ्या जागी एक मत, एवढे पुलाकडून मागता येते. पण पावती केव्हा द्यावी, हे पूल ठरवीत नाही, माणूस ठरवितो. लवकर दिली तर गिऱ्हाईक खूश, पण ती खोटी ठरण्याचा धोका. उशिरा दिली तर ती खरी, पण रांग लांबते.

त्या मुलीच्या घरी मी वही घेऊन गेलो होतो. आई चुलीपुढे होती. तिने पावती डब्यात जपून ठेवली होती. ती काढून माझ्यापुढे धरली आणि काहीच बोलली नाही. त्या मौनाचा अर्थ मात्र मला एकच कळला.