लाऱ्याचा हमरस्ता

ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया प्रांताला वणवे नवे नव्हेत. परंतु वणव्यात सापडलेल्या मोटारस्वाराने काय करावे, हा प्रश्न ८ जानेवारी १९६९ रोजी अत्यंत निष्ठुर रीतीने उभा राहिला. मेलबर्न आणि जीलाँग यांना जोडणाऱ्या हमरस्त्यावर, लारा गावाजवळ, वाळलेल्या गवतातून वाऱ्यासरशी धावत आलेल्या ज्वालांनी प्रवाशांना गाठले, तेव्हा मोटार म्हणजे पेट्रोलचा स्फोटक डबाच, या समजुतीने (आणि त्या क्षणी ती कोणाची झाली नसती?) अनेकजण बाहेर पडून पळू लागले; तेथे सतरा जण मृत्युमुखी पडले आणि गाडीतच बसून राहिलेले काही वाचले.

ज्वालेच्या स्पर्शाआधीच तिची दूरवर फाकणारी उष्णता माणसाला मारते, आणि लोखंडी पत्रा व काच तिला काही काळ अडवतात. म्हणूनच व्हिक्टोरियात गाडीत लोकरीची कांबळी व पाणी बाळगावे, अडकल्यास झाडीपासून दूर थांबून काचा मिटाव्यात, दिवे चालू ठेवावेत व कांबळे पांघरून खिडकीच्या पातळीखाली पडून राहावे, अशी ताकीद दिली जाते. मात्र मोटार हा दुर्ग नव्हे. ७ फेब्रुवारी २००९ च्या ‘काळ्या शनिवारी’ तेथील वणव्यांत बळी पडलेल्या १७३ जणांपैकी काही वाहनांतच सापडले. वेळेपूर्वी निघून जाणे हीच खरी तजवीज.

जीलाँगचा रस्ता आजही लाऱ्याजवळूनच जातो.