आंग्रिया बँक : आंग्र्यांच्या नावाचे प्रवाळक्षेत्र

विजयदुर्गच्या पश्चिमेस, भर अरबी समुद्रात शंभरहून अधिक किलोमीटरवर, पाण्याखाली एक पठार आहे. त्याला आंग्रिया बँक म्हणतात. येथे 'बँक' म्हणजे समुद्रतळाचा उंचवटा. लांबी सुमारे ४० किलोमीटर, रुंदी सुमारे १५. माथा सुमारे २० मीटर खोल असल्याने वरून काहीच दिसत नाही.

नाव सरखेल कान्होजी आंग्रे (मृत्यू १७२९) यांच्या घराण्याचे. इंग्रज 'आंग्रे'चे 'आंग्रिया' करीत. विजयदुर्ग हे आंग्र्यांच्या आरमाराचे मोठे ठाणे. १७५६ मध्ये इंग्रज आणि पेशवे यांच्या संयुक्त मोहिमेत ते पडले. नकाशावरचे नाव मात्र राहिले.

इच्छापोरहून आपण सुवालीच्या किनाऱ्यावर जातो, तेथे पाणी गढूळ असते. नद्यांचा गाळ आणि खंभातच्या आखातातील जोरदार भरती-ओहोटी ही त्याची कारणे. प्रवाळाच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला सूर्यप्रकाश लागतो. आंग्रिया बँकेपर्यंत किनाऱ्याचा गाळ पोहोचत नाही, म्हणून तेथे प्रवाळ वाढले.

सुट्टीत मालवणला जाणारी आपली मंडळी सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्कूबा करतात. ती प्रशिक्षकाचा हात धरून, थोड्याच खोलीवर मारलेली बुडी असते. आंग्रिया बँकेचे तसे नाही. प्राथमिक प्रमाणपत्राची मर्यादा साधारण १८ मीटर; येथे माथाच त्याखाली आहे. शिवाय प्रवाह जोरदार आणि मदत कित्येक तास दूर. म्हणून प्रगत प्रशिक्षण, अनुभवी चमू आणि सुसज्ज बोट यांशिवाय तेथे उतरू नये. शिकायचे असल्यास तारकर्लीला पर्यटन महामंडळाचे स्कूबा केंद्र आहे. पावसाळ्यात बुड्या बंद असतात.

प्रवाळाला वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. तुकडा तोडणे गुन्हा ठरतो. मात्र ही जागा १२ सागरी मैलांच्या प्रादेशिक हद्दीबाहेर आहे, त्यामुळे तिच्या रक्षणाचा प्रश्न एकट्या राज्याच्या हाती नाही. नांगर आणि तळ खरवडणारी जाळी यांनी मोडलेला प्रवाळ भरून यायला दशके लागतात.

किल्ल्यांची डागडुजी व्हावी, असे आपण आग्रहाने म्हणतो. आंग्र्यांच्या नावाचा हा न दिसणारा वारसाही त्याच यादीत असावा, असे आम्हांस वाटते. मुलांना विजयदुर्ग दाखवाल, तेव्हा तटावरून पश्चिमेकडे बोट करून याचीही गोष्ट सांगावी.