शेवाळाची छत्री

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो. नांदेडजवळचा गोदावरीवरील विष्णुपुरी जलाशय असो की लातूर जिल्ह्यातील मांजरा नदीवरील बंधारे, पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या शेवाळावर दिवसभर प्रखर ऊन पडत असते. प्रकाशसंश्लेषणासाठी शेवाळाला ऊन आवश्यक असते. परंतु त्याच उन्हातील अतिनील किरण पेशीतील डीएनए आणि प्रथिनांना इजा पोहोचवतात. यावर नीलहरित शैवालांनी, म्हणजेच सायनोबॅक्टेरियांनी, रासायनिक उपाय शोधला आहे.

त्यातील पहिले रसायन म्हणजे सायटोनेमिन. हे पिवळसर तपकिरी रंगद्रव्य पेशीबाहेरील चिकट आवरणात साठते आणि मुख्यतः ३१५ ते ४०० नॅनोमीटर लांबीचे अतिनील 'अ' किरण अडवते. पावसाळ्यानंतर जुन्या भिंतींवर व दगडांवर दिसणारा काळपट थर बहुधा अशाच शैवालांचा असतो. या रंगद्रव्याची नोंद एकोणिसाव्या शतकात झाली असली, तरी त्याची रेणूरचना १९९३ साली उलगडली.

दुसरा गट मायकोस्पोरिनसदृश अमिनो आम्लांचा. ही रंगहीन, पाण्यात विरघळणारी द्रव्ये साधारण ३१० ते ३६० नॅनोमीटर लांबीचे किरण शोषून त्यांची ऊर्जा उष्णतेच्या रूपात सोडून देतात. त्यांपैकी शिनोरिन हे द्रव्य अ‍ॅनाबिना या गोड्या पाण्यातील शैवालात कोणत्या जनुकांमुळे तयार होते, हे २०१० साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. हिमॅटोकॉकस हे हिरवे शैवाल मात्र प्रखर प्रकाशात अ‍ॅस्टाझॅन्थिन हे लाल रंगद्रव्य साठवून बचाव करते.

या द्रव्यांना आज महत्त्व आले आहे. ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्सेट ही कृत्रिम द्रव्ये प्रवाळांना घातक असल्याच्या कारणावरून हवाई बेटांनी २०२१ पासून ती असलेल्या सनस्क्रीनच्या विक्रीवर निर्बंध घातले. साहजिकच नैसर्गिक पर्यायांचा शोध वाढला. समुद्रातील लाल शैवालापासून मिळवलेली अशी अमिनो आम्ले काही प्रसाधनांत वापरलीही जातात.

तथापि तलावातील शेवाळ अंगाला चोपडणे धोक्याचे आहे. शिनोरिन तयार करणाऱ्या मायक्रोसिस्टिसच्या काही जाती यकृतास घातक असे मायक्रोसिस्टिन हे विषही तयार करतात आणि पाणी उकळूनही ते नष्ट होत नाही. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातूरला साठ्यातील प्रत्येक थेंब मोलाचा आहे. सांडपाण्यातील नत्र व स्फुरदावर हे शेवाळ फोफावते. म्हणूनच सांडपाणी जलाशयात जाण्यापूर्वीच रोखणे, हाच खरा उपाय ठरतो.