नार्वाचा किल्ला

मैत्रिणींनो, परवा नातीने मोबाईलवर एक फोटो दाखवला. मधे नदी आणि दोन्ही काठांवर समोरासमोर दोन किल्ले. एक एस्टोनियातला नार्वा, पलीकडचा रशियातला इव्हानगोरोद.

नार्वाचा किल्ला मूळ डेन्मार्कच्या राजवटीतला. १३४६ मध्ये राजा चौथ्या वाल्डेमारने किल्ल्यासकट उत्तर एस्टोनियाच विकून टाकला, जर्मन ट्यूटॉनिक सरदारांच्या संघाला, १९,००० मार्क चांदीला. मी बी.कॉम., माझी नजर या आकड्यावरच अडली. जमीन, गड, माणसं, सगळं एकाच व्यवहारात! तिथल्या बायाबापड्यांना कोण विचारतंय? १४९२ मध्ये मॉस्कोच्या तिसऱ्या इव्हानने समोर आपला गड उभारला. पुढे कधी रशिया, कधी स्वीडन, १७०४ मध्ये पीटर द ग्रेट.

पण जिवाला लागलं ते १९४४ साल. मार्चमध्ये सोव्हिएत बॉम्बहल्ल्यात स्वीडिश काळातलं देखणं जुनं गाव जवळजवळ सगळं पडलं. माणसं आधीच हलवली होती, म्हणून वाचली. युद्ध संपल्यावर मात्र बहुतेकांना परत येऊन राहू दिलं नाही. दाराला कुलूप लावून, किल्ली कमरेला खोचून निघालेल्या बाईचं काय झालं असेल? कारखान्यांसाठी रशियातून लोक आणून वसवले. आजही तिथे बहुतेक घरांत रशियनच बोलतात.

किल्ल्याची डागडुजी झाली. ५१ मीटर उंच हर्मन बुरुजासकट तिथे आता संग्रहालय आहे. समोरचा गड तिथून गॅलरीतून शेजारी दिसावेत तसा दिसतो. मधल्या पुलाला ‘मैत्री पूल’ म्हणतात. ओलांडायचा तर पासपोर्ट दाखवावा लागतो.