त्रिकोणातील त्रैक्य : चित्रकर्ती अँजेला त्रिंदाद

अमरावती-अकोल्याच्या धर्मग्रामांत घरभेटीस गेलो असता भिंतीवर गौरवर्ण, निळा झगा पांघरलेली पवित्र मरिया आम्हांस हमखास दिसते. तिच्यापुढे पिढ्यान्‌पिढ्या मेणबत्ती लावणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आमच्या मनात आदरच आहे. तथापि हीच माउली लुगडे नेसून समोर आली, तर आपण तिला ओळखू काय? हा प्रश्न शब्दांनी नव्हे, कुंचल्याने विचारणाऱ्या एका स्त्रीचा परिचय वाचकांस करून द्यावा, असे आम्हांस वाटते.

अँजेला त्रिंदाद यांचा जन्म १९०९ साली मुंबईस, एका गोमंतकीय कॅथलिक कुटुंबात झाला. वडील आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०-१९३५) हे सर ज. जी. कलाशाळेतील अध्यापक व नामांकित चित्रकार. छायाप्रकाशावरील प्रभुत्वामुळे त्यांना ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणत. अँजेलाबाईंनी चित्रकलेचे पहिले धडे घरातच गिरविले आणि पुढे त्याच कलाशाळेत शिक्षण घेतले. तैलरंगातील व्यक्तिचित्रे, देहाचा घाट, चेहऱ्यावर पडलेला मंद उजेड हा त्यांच्या कलेचा पहिला टप्पा होय. त्यावर वडिलांची, आणि पर्यायाने युरोपची, छाप स्पष्ट होती.

त्या काळी कलाशाळेची धुरा कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्याकडे होती. भित्तिचित्रांना व भारतीय परंपरेला त्यांनी उत्तेजन दिले. साहजिकच विद्यार्थ्यांची दृष्टी अजिंठ्याकडे वळली. ज्या डोंगररांगेत ही लेणी आहेत, ती आपल्या बुलढाण्यापर्यंत आलेली आहे. तेव्हा वऱ्हाडच्या वाचकांस हा वारसा परका नाही. अँजेलाबाईंनी तेथील लयदार रेषा व सपाट रंग आपलेसे केले आणि त्यांतून शुभवर्तमानातील प्रसंग रंगविले. त्यांची मरिया साडी नेसते; तिचे डोळे, तिचे हात, तिची बसण्याची रीत या भूमीतील आहे.

हे धाडस सोपे नव्हते. त्यांचे समकालीन आंजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) यांनी भारतीय वेषातील मरिया रंगविली, तेव्हा गोव्यात त्यांना रोष पत्करावा लागला. याउलट मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील फादर हेन्री हेरास यांच्यासारख्या विद्वान धर्मगुरूंनी भारतीय ख्रिस्ती कलेची पाठराखण केली. पोप बारावे पायस यांनी अँजेलाबाईंना ‘प्रो एक्लेसिया एत पोंतिफिचे’ हे मानचिन्ह बहाल केले. याच पोपमहोदयांच्या कारकिर्दीत, १९५५ साली, आपला अमरावती धर्मप्रांत स्थापन झाला, हे येथे आठवते. पुढे १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या दस्तऐवजात सांगितले की, ख्रिस्तसभेने कोणतीही एकच कलाशैली स्वतःची म्हणून मानलेली नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली छापल्या गेलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त ओवीच्या आधारे जे साधले, तेच ही चित्रकर्ती रंगांनी साधत होती.

१९६०च्या दशकात त्या अमेरिकेत स्थायिक झाल्या आणि त्यांच्या कलेने तिसरे वळण घेतले. आकृती विरघळल्या, उरले त्रिकोण व त्यांतून फाकणारे रंग. पोर्तुगीज भाषेत ‘त्रिंदाद’ म्हणजे त्रैक्य. कुळाचे नाव आणि श्रद्धेचे रहस्य एकाच आकारात गोवणाऱ्या या शैलीस त्यांनी ‘त्रिंदादिझम’ असे नाव दिले.

काहींना हा मायभूमीचा विसर वाटेल. आमचे मत निराळे आहे. पहिल्या टप्प्यात वडिलांचा वारसा होता, दुसऱ्यात देशाचा. परक्या भूमीवर पोहोचल्यावर झगाही उरला नाही, साडीही उरली नाही. तेथे सोबत राहिले ते नाव आणि त्या नावातील देव. वेष बदलत गेला, शोध तोच राहिला.

१९८० साली परदेशीच त्यांचा अंत झाला. त्रिंदाद पिता-कन्येच्या चित्रांचा मोठा संग्रह मात्र पणजीच्या फोंताइन्यास भागातील फुंदासाओ ओरिएंत या संस्थेकडे आला. गोव्यास जाणाऱ्या आमच्या कुटुंबांनी जुने गोवे येथील महामंदिरांबरोबर तेथेही जरूर डोकवावे. आणि येत्या नाताळात धर्मशिक्षणाच्या वर्गातील एखाद्या मुलीने मरियेला आपल्या आजीसारखे नऊवारी नेसवून रंगविले, तर शिक्षकांनी तिचा कागद खोडू नये. तो गव्हाणीशेजारी लावावा.