अपोहनाच्या दोन पद्धती : एक ऐतिहासिक तुलना

१८६१ साली टॉमस ग्रॅहम या स्कॉटिश रसायनज्ञाने चर्मपत्री कागदाच्या पडद्यातून जे पार जाते ते आणि जे अडून राहते ते वेगळे करण्याच्या क्रियेस 'डायलिसिस' हे ग्रीक नाव दिले. सुटे करणे हा त्या शब्दाचा मूळ अर्थ. मराठी परिभाषेने स्वीकारलेल्या 'अपोहन' या संस्कृत शब्दाचा रोख मात्र दूर सारण्यावर आहे. वैद्यकाच्या दृष्टीने तोच अधिक समर्पक म्हणावा लागेल.

गीसेन येथे गेओर्ग हास याने १९२४ साली मानवी रक्तावर हा प्रयोग केला; परंतु उपयुक्त यंत्र सिद्ध झाले ते १९४३ साली, जर्मनव्याप्त हॉलंडमधील काम्पेन गावी. विलेम कोल्फ याने सॉसेजच्या आवरणासाठी वापरली जाणारी सेलोफेनची नळी फिरत्या पिंपावर गुंडाळली. प्रारंभीचे बहुतेक रोगी दगावले. १९४५ साली ६७ वर्षांची एक स्त्री वाचली. तिचा विकार तात्कालिक होता, हे येथे विसरता कामा नये. ज्याची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली आहेत, त्याच्या रोहिणी व नीला प्रत्येक वेळी नव्याने उघडाव्या लागत आणि त्या लवकरच संपत. अडचण पडद्याची नव्हती, रक्तापर्यंत पोहोचण्याच्या वाटेची होती.

ती वाट बेल्डिंग स्क्रिब्नर याने सिअ‍ॅटल येथे १९६० साली टेफ्लॉनच्या कायम बसविलेल्या नळीने मोकळी केली. १९६६ साली ब्रेशिया, चिमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी रोग्याचीच रोहिणी व नीला जोडून ती अधिक सुरक्षित केली. पण उपचार शक्य होताच यंत्रे अपुरी पडली. १९६२ पासून सिअ‍ॅटलमध्ये सात जणांची समिती रोग्यांची निवड करीत असे, आणि कुटुंब, उत्पन्न, समाजातील स्थान यांचाही विचार होई. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने खर्चाचा भार शासनाने उचलला, तेव्हा ही निवड मागे पडली.

दुसरी पद्धती उदरातील पर्युदर या नैसर्गिक पटलाचाच उपयोग करते. गँटर याने ती १९२३ साली योजिली. टेंकहॉफच्या नलिकेने (१९६८) ती टिकाऊ झाली. १९७६ साली पोपोविच व मॉनक्रीफ यांनी सुमारे दोन लिटर द्रव दिवसातून चार-पाच वेळा बदलण्याची अखंड पद्धत मांडली. टोरांटोच्या ओरिओपोलोस याने काचेच्या बाटल्यांऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या आणल्यावर पर्युदरशोथाचे प्रमाण घटले.

रक्तापोहन आठवड्यातून बहुधा तीनदा, सुमारे चार तास चालते; मधल्या दिवसांत पाणी व विषद्रव्ये साठतात. पर्युदरी अपोहनात हा चढउतार नाही, उरलेसुरले मूत्रही अधिक काळ टिकते. तथापि द्रवातील शर्करा शरीरात शिरते आणि पटल हळूहळू निकामी होते. श्रेष्ठ कोणती, हे ठरविण्यासाठी हॉलंडमध्ये यदृच्छ वाटणीचा प्रयोग योजण्यात आला. सातशेहून अधिक पात्र रोग्यांपैकी अवघे ३८ त्यास राजी झाले, असे २००३ सालच्या अहवालात नमूद आहे. इतरांना आपली पद्धती स्वतःच निवडावयाची होती.