वीज स्वस्त कुठे मिळते? हा प्रश्न हिवरा आश्रममध्ये विचारण्याआधी

तुम्ही सिनॉप्सिसच्या तयारीत असाल आणि विषय 'घरगुती ग्राहक आणि वीज' असा काहीसा असेल, तर वाचनात ब्रिटनवरचे लेख लवकरच येतील. त्यांत एक प्रश्न वारंवार दिसतो: दुसरी कंपनी स्वस्त वीज देत असताना लोक जुन्याच कंपनीकडे का राहतात? प्रश्न चांगला आहे. पण तो तसाच उचलून मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रममध्ये प्रश्नावली घेऊन गेलात, तर पहिल्याच घरी थांबावं लागेल. तिथे दुसरी कंपनीच नाही. का नाही, याला इतिहास आहे, आणि तुमचा खरा विषय कदाचित तोच आहे.

आधी ब्रिटनचं पाहू. तिथे 1998-99 मध्ये घरगुती ग्राहकांना वीज पुरवठादार निवडण्याचा हक्क टप्प्याटप्प्याने मिळाला. तारा त्याच, फक्त बिल पाठवणारी कंपनी वेगळी. पाठोपाठ दरांची तुलना करणाऱ्या वेबसाइट आल्या. पत्त्याचा कोड आणि वर्षाचा वापर टाकला की कोणाची योजना किती स्वस्त ते दिसायचं. तरीही 2016 मध्ये तिथल्या स्पर्धा प्राधिकरणाला चौकशीत आढळलं की सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे 70 टक्के घरगुती ग्राहक महागड्या नेहमीच्या दरावरच होते. शेवटी 1 जानेवारी 2019 पासून सरकारला दरावर कमाल मर्यादा घालावी लागली. 2021 मध्ये घाऊक गॅस भडकला, बऱ्याच लहान कंपन्या बंद पडल्या आणि काही काळ तुलना करण्यासारख्या स्वस्त योजनाच उरल्या नाहीत. म्हणजे वेबसाइट ही साखळीतली शेवटची कडी. तिच्याआधी कायदा लागतो, तारांवरचा हक्क लागतो आणि विकायला तयार असलेले विक्रेते लागतात.

आता आपल्याकडे या. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ 1960 मध्ये स्थापन झालं. निर्मिती, पारेषण, वितरण सगळं एका छताखाली. 1999 मध्ये राज्य वीज नियामक आयोग आला आणि दर ठरवण्याचं काम त्याच्याकडे गेलं. 2003 च्या विद्युत कायद्यानंतर जून 2005 मध्ये मंडळाचे तुकडे झाले आणि वितरण महावितरणकडे आलं. याच कायद्याने एका भागात दुसऱ्या वितरकाला परवाना देण्याची सोय केली, पण त्याने स्वतःच्या तारांचं जाळं टाकायचं, या अटीवर. बाहेरून वीज विकत घेण्याची मुभा आधी 1 मेगावॅटच्या वरच्या ग्राहकांना मिळाली. 2022 च्या नियमांनी हरित ऊर्जेसाठी ती मर्यादा 100 किलोवॅटवर आणली. घरात एक फ्रिज, दोन पंखे आणि टीव्ही असणाऱ्या माणसाचा यात कुठेच नंबर लागत नाही.

याला मोठा अपवाद मुंबईचा. उपनगरांत टाटा आणि बीएसईएस (पुढे रिलायन्स, 2018 पासून अदानी) यांचे परवाने एकमेकांवर चढलेले होते. टाटाला घरगुती ग्राहकांना थेट वीज विकता येते का, यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जुलै 2008 मध्ये निकाल टाटाच्या बाजूने लागला. ऑक्टोबर 2009 मध्ये आयोगाने रिलायन्सच्याच तारांवरून टाटाची वीज घेण्याची वाट मोकळी केली. अंधेरी-बोरिवलीकडच्या कुटुंबांना खरोखर दोन दरपत्रकं शेजारी ठेवून बघता येऊ लागली.

पुढे काय झालं ते नीट वाचा, कारण मुद्दा इथे आहे. जास्त वीज वापरणारा ग्राहक जास्त दर भरतो आणि त्यातून कमी वापरणाऱ्याचा दर खाली राहतो. यालाच क्रॉस-सबसिडी म्हणतात. मोठा ग्राहक निघून गेला की मागे राहिलेल्यांचा भार वाढतो. म्हणून 2011 मध्ये कंपनी बदलणाऱ्यांवर क्रॉस-सबसिडी अधिभार लागला. ऑगस्ट 2012 मध्ये तर आयोगाने, टाटाने अशा बदलात महिना 300 युनिटपर्यंतचेच ग्राहक घ्यावेत असा आदेश दिला. प्रकरण अपिलात गेलं. निवड कोणाला मिळाली आणि तिची किंमत कोणी भरली, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे या आदेशांतून स्वच्छ दिसतं.

आणि इथेच हिवरा आश्रम परत येतं. महावितरणचा घरगुती दर पुण्यातल्या सोसायटीला आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या गावाला एकच असतो. विरळ वस्तीत लांबच लांब तारा ओढून वीज पोचवणं महाग पडतं. ते परवडतं ते शहरांतल्या आणि उद्योगांतल्या ग्राहकांमुळे. ऑगस्ट 2022 मध्ये लोकसभेत आलेल्या विद्युत दुरुस्ती विधेयकात एकाच जाळ्यावरून अनेक वितरकांना वीज विकू देण्याचा प्रस्ताव होता. त्याच वर्षी अदानी समूहाने नवी मुंबई, ठाणे, मुलुंड या पट्ट्यासाठी समांतर परवाना मागितला. जानेवारी 2023 मध्ये राज्यातले वीज कर्मचारी त्याविरुद्ध संपावर गेले. नफ्याची शहरं गेली तर खेड्यांचं काय, हा त्यांच्या बाजूचा एक मुख्य मुद्दा होता. ठाण्यातलं कुटुंब उद्या स्वस्त वीज शोधेल, तेव्हा हिवरा आश्रमच्या बिलाचं काय होईल? त्या घराला निवड नसेल, परिणाम मात्र असेल.

मग गावातल्या ग्राहकाने तुलना करायची तरी कशाची? दोन गोष्टींची करता येते. एक, स्वतःच्याच बिलांची. महावितरणच्या वेबसाइटवर बिलाचा हिशेब करून बघण्याची सोय आहे. 100 युनिटांपर्यंत एक दर, 101 ते 300 पर्यंत त्याहून चढा. 120 युनिट झाले तर वरच्या 20 युनिटांनाच चढा दर लागतो, सगळ्या 120 ना नाही. दुसरी, छतावरच्या सौर पॅनेलची. फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेच्या पोर्टलवर नोंदणीकृत विक्रेते दिसतात, त्यांच्या किमती विचारता येतात. 3 किलोवॅटला अनुदान 78,000 रुपये. पण त्यासाठी स्वतःचं पक्कं छत आणि हाताशी पैसे किंवा कर्ज लागतं. भाडेकरूचं काय, टिनाच्या घराचं काय? इथे निवड आहे, पण तीही सगळ्यांना सारखी नाही.

तुमच्या कामासाठी तीन सूचना. पहिली, "लोक कंपनी का बदलत नाहीत?" याआधी "कोणाला बदलता येते, आणि कधीपासून?" हे लिहा. तारखांचा एक तक्ता करा. दुसरी, आयोगाचे दर-आदेश वाचा. पानं पाहून घाबरू नका. जनसुनावणीतल्या हरकती, त्यावर महावितरणचं उत्तर आणि आयोगाचा निर्णय असं त्यांत क्रमाने असतं. अमरावतीच्या सुनावणीत वऱ्हाडातले लोक काय म्हणाले, याचा असा सलग लेखी पुरावा दुसरीकडे मिळणं अवघड. तिसरी, गावात जाल तेव्हा ग्राहकाचं मत विचारण्याआधी परवानगी घेऊन जुनी बिलं बघा. स्थिर आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, वीज शुल्क असे रकाने वर्षानुसार मांडलेत की युनिट तेवढेच असताना बिल कशाने वाढलं ते कळतं.

बऱ्याच घरांत बिलं वर्षानुवर्षं तारेला टोचून ठेवलेली असतात. अशी एक तार मिळाली तर फोटो काढायची परवानगी मागा आणि नावं व ग्राहक क्रमांक झाकून मगच नोंद करा. तुमच्या प्रबंधाचं पहिलं प्रकरण तिथून सुरू होऊ शकतं.